फोन लागत नाही

माझ्या टेबलावर ‘विद्यार्थी साहाय्य’ अशी पाटी आहे. काम एवढंच, की शिकायला आलेल्यांना मधेच पळू द्यायचं नाही. आमच्या कॉलेजात वायरिंग, प्लंबिंग, शिवण असे वर्षभराचे कोर्स चालतात. निम्मे विद्यार्थी आधीच कुठेतरी कामाला, निम्म्यांच्या घरी तान्ही पोरं नाहीतर अंथरुणाला खिळलेली माणसं. प्रवेशाच्या वेळी वर्ग गच्च भरतात, परीक्षेला निम्मे बाक रिकामे. त्या बाकांचा जाब मलाच द्यावा लागतो, जणू मीच ते रिकामे करून ठेवले.

नियम सोपा आहे. सलग दहा दिवस गैरहजर, मधल्या काळात चार फोन, उत्तर नाही, तर नाव कमी. कारणाच्या रकान्यात ‘फोन लागत नाही’. पहिल्या वर्षी एकेक नाव कापताना डोळे भरून यायचे. आता नववं वर्ष. हात आपोआप लिहितो. थकलेय मी, दुसरं काय.

त्या दिवशी यादीत एकच नाव होतं. वायरिंगच्या वर्गातल्या बेचाळीस वर्षांच्या ताई. पहाटे खानावळीत भांडी घासून वर्गाला यायच्या. प्रवेश घेताना म्हणाल्या होत्या, “मॅडम, एकदा तरी हातात घासणीऐवजी टेस्टर धरून पगार घ्यायचाय.” मला आवडल्या होत्या, म्हणूनच जास्त राग आला. चार वाजता यादी मोठ्या साहेबांकडे जाणार होती. नाव गेलं की पुढच्या महिन्यातली परीक्षा गेली, आणि पुन्हा प्रवेश नाही.

पाचव्यांदा फोन लावला. बंद. धुसफुसत यादी उचलली आणि वायरिंगच्या सरांची सही घ्यायला वर्कशॉपमध्ये गेले. दारातच फोनची पेटी. बंद करून त्यात टाकल्याशिवाय आत सोडत नाहीत.

सरांनी यादी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. “मॅडम, तब्येत बरी आहे ना? त्या काय, शिडीवर आहेत.”

खरंच होत्या. तोंडात स्क्रू धरून होल्डर बसवत होत्या.

“मग हजेरी?”

“हजेरी आता मशीन घेतं. मी कशाला घेऊ?”

ताई खाली उतरल्या. मला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “काय चुकलं का माझं?”

त्यांना दारातल्या मशीनपाशी नेलं. त्यांनी अंगठा टेकवला. टुक. “झाली ना?” त्या म्हणाल्या. दिवा लाल लागला होता. हिरवा लागो की लाल, आवाज तोच येतो, आणि मागे रांग असताना दिवा बघतंय कोण?

मी त्यांचा हात उलटा केला. अंगठा सोलवटून गुळगुळीत झाला होता. “खानावळीत नवा साबण आणलाय,” त्या ओशाळून म्हणाल्या, “पंधरा दिवस झाले, सालटं निघतायत.”

मी कपाळावर हात मारला. माझी फोन करायची वेळ दहा ते चार. वर्गाची वेळही दहा ते चार. वर्गात या, हे सांगायला मी त्यांना फोन करत होते, आणि त्या वर्गात होत्या म्हणून फोन बंद होता. सरांकडून दहा दिवसांची हजेरी लिहून घेतली, साहेबांपुढे आदळली आणि नाव वाचवलं. माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथे राहिला नाही.

मशीन तीन महिन्यांपूर्वी बसलं. तेव्हापासून मी सहा नावं कापली होती. वर्ग सुटल्यावर, साडेपाचला, जुनी यादी काढली. पहिलं नाव प्लंबिंगच्या वर्गातल्या एका गवंड्याचं. तेव्हा दिवसभर बंद लागणारा तो फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

“कॉलेजमधून बोलतेय. तुम्ही वर्गाला यायचं का बंद केलंत?”

पलीकडे वाळू चाळल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“मी कुठे बंद केलं, मॅडम? रोज येत होतो. एक दिवस वॉचमननं सांगितलं, तुमचं नाव काढलंय.”

“मग विचारायला का नाही आलात?”

“काय विचारायचं?” तो म्हणाला. “वाटलं, आपल्याला जमत नसेल.”