मोकळा दिवस

"आज बोटी सुटणार नाहीत म्हणतायत, दत्ताअण्णा." फोनवर, ग्रीसच्या एका बेटावरून बोलणाऱ्या भार्गवीच्या आवाजामागे वारा नुसता घोंगावत होता. "सकाळी बाबा गेले. आईनं आत्ताच कळवलं. काहीही करून मला इथून बाहेर काढा."

एचएसआर लेआउटमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत दत्ता खुर्चीतून उठून उभा राहिला. उभं राहून काही होणार नव्हतं, पण बसवेना.

एकोणीस वर्षं तो इथे बसून ग्रीसच्या लहान बेटांच्या सफरी आखत होता. मालपेचा किनारा सोडला, तर स्वतः त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. पण कुठल्या धक्क्याला किती पायऱ्या, कुठल्या बेटावर दुपारी चहाचा घोटही मिळत नाही, हे त्याला तोंडपाठ. ऑफिसात सगळे चेष्टेनं त्याला कॅप्टन म्हणत. या कॅप्टनचा एकच नियम होता. उन्हाळ्यात तिकडे उत्तरेचा वारा सुटला की लहान बोटी दोन-दोन, तीन-तीन दिवस बंदरात बांधून पडतात. म्हणून परतीच्या विमानाआधीचा अख्खा दिवस अथेन्समध्ये मोकळा ठेवायचा.

यंदा पुण्याहून ईशान मॅनेजर म्हणून आला आणि त्याची पहिली नजर त्या दिवसावर गेली. "काका, फुल डे नुसता हॉटेलात? गेस्ट लोक रिव्ह्यूमध्ये शिव्या घालतात. त्यात अजून एक आयलंड आरामात बसतं." दत्तानं वाऱ्याचं सांगून पाहिलं. "काका, तुम्ही फार टेन्शन घेता." निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं म्हणून दत्तानं सगळ्या सफरींतला मोकळा दिवस स्वतःच्या हातानं खोडला.

त्या सगळ्यांत भार्गवीची सफरही होती. तिचे वडील हणमंतराव फेब्रुवारीत दोन जिने चढून, धापा टाकत त्याच्यापुढे येऊन बसले होते. "आमचं करता करता पोरगी कुठं गेली नाही बघा. तिला धाडायचंय. पण माझं हार्ट स्वल्प असंतसंच आहे. काय झालं तर दुसऱ्या दिवशी ती घरात पाहिजे. तेवढं बघा." दत्ता म्हणाला होता, "सरी, ठीक आहे अण्णा, मी बघतो." खोडताना हणमंतरावांचा चेहरा त्याला आठवला नव्हता, असं नाही. आठवला होता. आठ दिवसांच्या सफरीत काय होतंय, असं म्हणून तो पुढच्या सफरीकडे वळला होता.

दिवसभर त्यानं फोन लावले. बेटावर विमानतळ नव्हता. बंदरातला एजंट म्हणाला, अधिकाऱ्यांनीच बोटी अडवल्यात, कोण सोडणार? दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. भार्गवी आता रडतही नव्हती. "बाबांना बाराला नेणार आहेत," ती म्हणाली. "थांबतील का, विचाराल?"

हे फोनवर विचारायची त्याला लाज वाटली. तो रिक्षा करून जयनगरला त्यांच्या घरी गेला.

हणमंतरावांना ठेवलेल्या बर्फाच्या पेटीशेजारी पद्मावतीबाई, भार्गवीची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुम्हीच दत्ता ना? भार्गवी म्हणाली, कालपासून तुमचाच तेवढा आधार आहे."

"अक्का, थोडं थांबता येईल का, असं ती विचारतेय."

"वारा कधी पडणार?"

उद्या, असं म्हणता आलं असतं. "परवापर्यंत तरी नाही, अक्का."

"मग नको. यांना आणखी किती ताटकळत ठेवायचं."

दत्ता निघाला नाही. तिथेच खाली बसला. "अक्का, दोष वाऱ्याचा नाही. भार्गवी परवा संध्याकाळीच अथेन्सला पोचायला हवी होती. म्हणजे काल विमान धरून आज सकाळी इथे असती. तो दिवस मी काढून टाकला. अण्णांना शब्द देऊनसुद्धा."

खोलीतली दोन-चार माणसं दुसरीकडे बघू लागली.

"तिला सांगितलंत हे?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुम्हीच सांगा. माझ्याकडून ऐकायला नको तिनं."

तेवढ्यात पुतण्या वेदांत पेला आणि पळी घेऊन आला. पेटी उघडली. हणमंतरावांच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवून एकेकजण पळीनं पाणी घालू लागला. पद्मावतीबाईंनी घातलं, वेदांतनं घातलं, शेजारच्यांनी घातलं. वेदांत पळी खाली ठेवणार, तोच पद्मावतीबाई म्हणाल्या, "राहू दे. लेकीचं राहिलंय." आणि दत्ताकडे वळून म्हणाल्या, "फोन लावा तिला. तिच्या वाट्याचं तुम्ही घाला."

"मी? अक्का, माझा काय अधिकार? मी तर..."

"म्हणूनच."

दत्तानं फोन लावून पेटीच्या कडेवर ठेवला. पळी भरली. "बाबा," भार्गवी तिकडून म्हणाली. दत्तानं घाईनं पळी कलती केली आणि पाणी ओठांवर न पडता गालावरून कानाकडे ओघळलं. पद्मावतीबाईंनी पदरानं नवऱ्याचा गाल टिपला आणि पेला पुन्हा दत्तापुढे धरला.

"परत घाला," त्या म्हणाल्या. "नीट घाला. तिचं आहे ते."