फ्लूच्या प्रथिनासाठी एक कूलर

एप्रिलच्या त्या सोमवारी आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत एवढं होतं: फ्रीझरमध्ये जिवाणूंच्या दोन नळ्या, चार मोठे फ्लास्क, फ्लास्क हलवत ठेवणारा एक शेकर, प्रथिन गाळून शुद्ध करायचा एक स्तंभ, एक बंद पडलेला एसी आणि भिंतीवरच्या थर्मामीटरवर अडतीस अंश. हवं ते प्रथिन शून्य मिलीग्रॅम होतं.

हवं होतं तीन मिलीग्रॅम. नागपूरच्या वैद्यकीय गटाने इन्फ्लुएन्झा होऊन गेलेल्या लोकांचं रक्त गोळा केलं होतं आणि त्याची चाचणी आमच्या प्रथिनावर करायची असं ठरलं होतं. येत्या सोमवारपर्यंत आम्ही ते दिलं नाही, तर ते बाहेरून आणणार होते आणि आमचं काम तिथेच थांबणार होतं. प्रकल्पाच्या प्रमुख मेघा मॅडमनी हे आम्हाला शांतपणे सांगितलं होतं. दोन वर्षं या कामासाठी त्यांनी किती धावपळ केली ते मी आणि माझी सहकारी प्रतिक्षा, आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

प्रथिन बनत नव्हतं असं नाही. विषाणूच्या त्या एका प्रथिनाची जनुकीय सूचना आम्ही साध्या, निरुपद्रवी जिवाणूत घातली होती आणि तो मनापासून काम करत होता. फार भराभर करत होता, हीच अडचण होती. उष्णतेत प्रथिन इतक्या वेगाने बनतं की त्याला नीट घडी पडत नाही. त्याचे गोळे होतात आणि ते तळाशी बसतात. पंचवीस अंशांच्या आसपास जिवाणू सावकाश चालतो, प्रथिन विरघळलेलं राहतं. आमचा शेकर खोलीपेक्षा गरम होऊ शकत होता, गार होऊ शकत नव्हता. खोली एसीने गार व्हायची. एसीचा मेकॅनिक नागपूरचा होता, आणि भर एप्रिलमध्ये तो फोनसुद्धा उचलत नव्हता.

मी मूळची लाखांदूरची. नोकरीसाठी भंडाऱ्याजवळच्या वरठीला मधुकररावांच्या घरी एक खोली घेऊन राहते. ते तिथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर आहेत. मी त्यांना काका म्हणते आणि चंद्रभागाबाईंना काकू. त्या आठवड्यात काकांची रात्रपाळी होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवत होते.

"काहून गं, भाजी नाही आवडली काय?" काकूंनी विचारलं.

"आवडली ना काकू. डोकं तिकडे आहे. खोली गार होऊन नाही राहिली. पंचवीस डिग्री पाहिजे."

"पंचवीस? आमच्या घरी तर पंचवीस दिवाळीतच येते बाई." मग म्हणाल्या, "तुमी तिथं फ्लूचे जंतू वाढवून राहिले ना? हात धुऊन येत जा."

"जंतू नाही काकू. त्या विषाणूचं एक प्रथिन फक्त. त्यानं कोणाला फ्लू होत नाही. पण ज्याला होऊन गेला, त्याचं रक्त ते ओळखते."

काका डबा पिशवीत घालत होते. म्हणाले, "म्हणजे चोर नाही, चोराची चप्पल. ज्यानं चोर पाह्यला, तो चपलीवरून वळखते."

"हो काका, तसंच."

"मंग हे तुह्या म्याडमले सांगजो. अन् सकाळी आपला कूलर घेऊन जा."

मी घास हातातच धरून राहिले. काका सकाळी पाळीवरून येत आणि दिवसभर त्याच कूलरसमोर झोपत. घरात दुसरा नव्हता.

"अन् तुम्ही कसे झोपाल?"

"मी भट्टीवरचा माणूस. मले गरमीचं काय कवतिक?"

"हो," काकू म्हणाल्या, "अन् दुपारी लाइन गेली का साऱ्या मोहल्ल्याले उठवते." पण सकाळी कूलरची टाकी रिकामी करून, खाली पुसून त्यांनीच तो दारात आणून ठेवला होता. ऑटोवाला कूलरकडे पाहून म्हणाला, "या बाई कुठं उतरतीन?"

प्रयोगशाळेत आम्ही कूलर शेकरच्या खोलीत, कोपऱ्यात ठेवला. टाकी भरली, शेकरचं झाकण उघडं ठेवलं. जिवाणू आदल्या रात्रीपासून तयार होते, ते सकाळी मोठ्या फ्लास्कमध्ये घातले. ते पुरेसे वाढले की त्यांना प्रथिन बनवायचा इशारा देणारं रसायन घालायचं होतं, आणि त्या वेळी खोली गार हवी होती.

पारा उतरला. पस्तीस, तेहेतीस, एकतीस. तीसवर येऊन थांबला. पाऊण तास तो हललाच नाही. माझा चष्मा धुरकट झाला, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुटायला लागल्या. तिकडे फ्लास्क पुरेसे गढूळ झाले होते. जिवाणू कोणासाठी थांबत नाही. प्रतिक्षा धावत जाऊन समोरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आली. आम्ही फ्लास्क बर्फात बसवले. त्याने थोडा वेळ मिळणार होता, फार नाही.

"एक सांग," प्रतिक्षा कपाळ पुसत म्हणाली, "तुह्या घरी कूलर कुठं असते?"

"खिडकीत. बाहेरून."

"अन् दार?"

आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. खिडकी बंद होती, आणि धूळ येऊ नये म्हणून तिच्या फटींना मार्चमध्ये आम्हीच चिकटपट्टी लावली होती.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून गार करतो. ओली झालेली हवा बाहेर गेली नाही, तर तीच पुन्हा आत ओढली जाते आणि गारवा तिथेच संपतो. याचं गणित मी कागदावर मांडू शकते. त्याचीही गरज नव्हती. लाखांदूरला लहानपणी कूलर चालू असताना दार लावलं, तर आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दार कोणी लावलं? उबून मरता काय?" विदर्भातल्या कोणत्याही पोराला हे माहीत असतं. पण प्रयोगशाळेत शिरलं की आमचे हात आपोआप दार लावतात.

"अबे, आपण दोघी एमएस्सी आहो," प्रतिक्षा म्हणाली.

"कोणाले सांगू नको."

मॅडमना मात्र सांगावंच लागलं. त्या आल्या, थर्मामीटर पाहिला, दारावर त्यांनीच लावलेली 'दार बंद ठेवा' ही पाटी पाहिली. मग म्हणाल्या, "फ्लास्कच्या तोंडाला बोळे आहेत, आत फक्त आपल्या जिवाणूला सोसणारं अँटिबायोटिक आहे. दुसरा जंतू शिरला तरी टिकणार नाही. उघडा." आणि नखाने स्वतःच चिकटपट्टी सोलायला लागल्या.

कूलर बाहेर ओट्यावर विटा रचून खिडकीला लावला. समोरचं दार सताड उघडलं. बाहेर बेचाळीस अंश आणि खडखडीत कोरडी हवा, म्हणजे कूलरला पाहिजे तशीच. अर्ध्या तासात पारा साडेपंचवीसवर आला. फ्लास्क बर्फातून काढून शेकरवर चढवले. मॅडमनी रसायन घातलं आणि तिघी तिथेच उभ्या राहिलो.

दुपारी काका आले. डोक्याला ओला दुपट्टा, डोळे लाल.

"तिकडं पंखा गरम हवा फेकून राहिला," ते म्हणाले. "म्हटलं, आपला कूलर काय करून राहिला ते पाहून येऊ."

उघड्या दारातून गार हवा सरळ व्हरांड्यात येत होती आणि समोर विद्यार्थ्यांसाठीचं लाकडी बाक होतं. काका त्यावर टेकले. दोन मिनिटांत आडवे झाले, तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. परीक्षेचा फॉर्म विचारायला आलेली पोरं त्यांच्याजवळून चवड्यांवर चालत गेली. मॅडम फोनवर नागपूरशी बोलत होत्या, त्यांनी आवाज खाली आणला. प्रतिक्षाने बादलीने कूलरची टाकी भरली, पाणी हळू, कडेने सोडत.

मी दारात उभी होते. माझ्या एका बाजूला चार फ्लास्क गोल फिरत होते, दुसऱ्या बाजूला काका झोपले होते, आणि दोघांना एकच हवा लागत होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत म्हणून मी त्यांचा घसरलेला दुपट्टा उचलून बाकाच्या पाठीवर वाळत घातला.

संध्याकाळी फ्लास्कमधले जिवाणू गोळा करून आम्ही फ्रीझरमध्ये ठेवले आणि कूलर काकांबरोबरच परत गेला. जाताना मी म्हटलं, "काका, तुमचे उपकार झाले."

"उपकार कायले? झोप तर माही झाली," ते म्हणाले. "घरच्यापेक्षा इथं बरं. बायको नाही बोलत."

पुढचे दोन दिवस जिवाणू फोडणं, गाळणं, स्तंभातून सोडणं यात गेले. फोडलेले जिवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर या वेळी तळाचा गोळा लहान होता. वरच्या द्रवाचा थेंब, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवला तेव्हा निळी पट्टी ठळक उमटली, जिथे उमटायला हवी होती तिथेच. प्रतिक्षाने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मॅडम जेलवर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, मग चष्मा काढून पुसला.

शुक्रवारी शुद्ध केलेलं प्रथिन मोजलं. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मॅडमनी.

एकूण विरघळलेलं प्रथिन: ३.४ मिलीग्रॅम.