चर्चपुढून जाताना

अंपारोबाईंनी पेनाच्या टोकाने बोंदोच्या उजव्या हातावर टकटक केलं. हात स्टिअरिंग सोडून कपाळाच्या वाटेला लागलाच होता. तो मुकाट्याने परत जागेवर गेला.

"चौथ्यांदा," बाई म्हणाल्या. "सकाळपासून चौथ्यांदा. आणि अर्ध्या तासात परीक्षा आहे."

"इतकी चर्चं तुम्हीच लोकांनी बांधून ठेवलीत, बाई. त्यात माझा काय दोष?"

"दोष कुणाचाही असो, हात तुझा आहे."

बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची रिकामी बस बोंदोने कडेला लावली. इतकी अलगद की बाईंच्या कॉफीच्या पेल्यातली कॉफी हललीसुद्धा नाही. हे असं होतं. गाडी चालवण्यात त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. जॉर्जियात कुताइसी ते झुग्दिदी या रस्त्यावर त्याने एकवीस वर्षं मिनीबस चालवली होती. तिकडे चर्च दिसलं की ड्रायव्हर स्टिअरिंगच्या चाकावरचा उजवा हात काढून कपाळाला, छातीला आणि खांद्यांना लावत तीन वेळा क्रूस करतो. त्याचा हात उठला की मागे पेंगणारे प्रवासीही डोळे न उघडता क्रूस करतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. न करणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मात्र म्हाताऱ्या बायका चढायला कां कूं करतात.

स्पेनमध्ये त्याचं मोटारीचं लायसन नुसत्या कागदांवर बदलून मिळालं. बससाठी मात्र, एकदा चालवून दाखवा, असं सांगितलं गेलं. बोंदोला हसूच आलं होतं. माशाला म्हणे पोहून दाखव. तीन आठवड्यांपूर्वी तो शीळ घालत परीक्षेला गेला आणि नापास होऊन आला. शेऱ्यात लिहिलं होतं : चौकात उजवा हात चाकावरून काढला, दोन वेळा.

"तपासनीस अर्धा आंधळा होता," त्याने घरी बायकोला सांगितलं.

नानुली चीज किसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग हात बरा दिसला त्याला."

सोमवारपासून शाळेच्या बसवर माणूस हवा होता. बसच्या मालकाने बोंदोसाठी तोपर्यंत जागा अडवून ठेवली होती, त्यापुढे नाही. आज जमलं नाही तर हॉटेलातली भांडी होतीच, गेले सात महिने तो घासतच होता. त्याला कामाची लाज नव्हती. पण दुपारी मोरीशी उभं असताना बाहेरून बस गेली की गिअर कधी बदलला ते त्याला आवाजावरून कळायचं, आणि त्याचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तेवढं मात्र त्याला सोसत नसे.

अंपारोबाईंनी कॉफी संपवली.

"मी काही देवाधर्मातली नाही," त्या म्हणाल्या. "लग्नसुद्धा कचेरीत सही करून केलं. पण मला सांग, एक दिवस नाही केलंस तर देव रुसेल का?"

"देव कशाला रुसेल?" बोंदोने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. "क्रूस मी करतो, ब्रेक मी दाबतो, बाकीचं तो बघतो. एकवीस वर्षं अशी वाटणी आहे. एका माणसाला खरचटलं नाही माझ्या गाडीत. आता मीच माझ्या बाजूने मोडायची?"

"लायसन हवंय ना?"

"हवंय."

"मग दोन्ही हात चाकावर. बाकी बोलणं नको."

तपासनीस एलिसेओ वेळेवर आले आणि मागच्या सीटवर बसले. बाई बोंदोच्या शेजारी, मांडीवर फाइल घेऊन. बस निघाली आणि बोंदो तिच्यात मुरला. गोल चौक, चढावर थांबून पुन्हा निघणं, भर रस्त्यात उभी केलेली सामानाची गाडी, सगळं त्याने लोण्यातून सुरी फिरावी तसं पार केलं. एलिसेओंनी आधी दोनदा काहीतरी टिपलं, मग टिपणं सोडून ते खिडकीबाहेर बघू लागले.

"पुढे डावीकडे," ते म्हणाले.

डावीकडे वळल्यावर समोर चर्च होतं. गावातलं सगळ्यात मोठं, आणि त्याच्या दारातच पादचाऱ्यांचे पट्टे. दोन बायका भाजीच्या ढकलगाड्या ओढत रमतगमत रस्ता ओलांडत होत्या. बोंदोने बस थांबवली. थांबल्यामुळे चर्च सरकेना. त्याचा उजवा खांदा जरासा उचलला गेला. त्याने बोटं चाकाभोवती आवळली, पार पांढरी होईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बस चालवायची भीती वाटली.

शेजारी हालचाल झाली. अंपारोबाईंनी पेन फाइलवर ठेवलं होतं. त्यांचा हात कपाळावर गेला, मग छातीवर, मग एका खांद्यावर, दुसऱ्या खांद्यावर. एकदा. पुन्हा एकदा. आणि पुन्हा. घाई न करता, समोर बघत.

"अंपारो," मागून एलिसेओ म्हणाले, "हे कधीपासून?"

"परीक्षा माझी आहे का त्याची?"

बायका पलीकडे पोहोचल्या. बोंदोने पहिला गिअर टाकला आणि बस चर्चपुढून नेली. त्याचे दोन्ही हात चाकावर होते.

स्कूलच्या अंगणात परत आल्यावर एलिसेओंनी सही केली, पास म्हणाले, बोंदोशी हात मिळवला आणि उतरून गेले. बोंदोने इंजिन बंद केलं. तो जागचा उठला नाही.

"बाई."

"काय?"

"तुम्ही उलटं केलंत. आमच्यात आधी उजवा खांदा असतो, मग डावा."

"मग?" बाई फाइल आवरता आवरता थांबल्या. "चालत नाही का तसं?"

बोंदोने खरोखरच विचार केला. असल्या बाबतीत खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"चालतं," तो म्हणाला. "पण त्याचं पुण्य तुम्हाला लागेल. मला नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पेन फाइलला अडकवलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि फाइल काखेत धरून सावकाश खाली उतरल्या.