कडक ठोकळा

शालिकराम खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होता आणि त्याची बायको प्रेमिला ठोकळा सोडवायची. सहा रंगांचा, फिरवून जुळवायचा तो ठोकळा ब्याऐंशी साली घरोघरी आला होता. बाकीच्यांनी चार दिवस खेळून माळ्यावर टाकला. हिनं सोडला नाही. वरणाला उकळी येईपर्यंत ती दोन-तीनदा विस्कटून जुळवायची. कॉलनीच्या गणपतीत पहिली आली, मग अमरावतीला, मग अकोल्याला.

शेजारच्या यमुताई म्हणायच्या, "काहून गा शालिकराम, बायको पोळ्या लाटते का रंगच फिरवते?"

"पोळ्या मी लाटतो, यमुताई. नकाशे होतात, पण पोट भरते."

दुसऱ्या हिवाळ्यात प्रेमिलाची बोटं सुजायला लागली. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, वाढत जाईल. शालिकराम रोज सकाळी गरम पाण्यात तिचे हात धरून बसायचा. कामावर गंजलेले व्हॉल्व्ह तो एका हिसक्यात उघडायचा. घरी त्याला बायकोची मूठ उघडता येत नव्हती.

तरी तिचा ठोकळा वापरून वापरून इतका सैल झाला होता, की नुसत्या धक्क्यानं फिरायचा. म्हणून अजून जमत होतं. नागपूरच्या स्पर्धेत पहिला येईल तो मुंबईला जाणार होता.

"यंदाच जमन," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी हे बोटं माझं ऐकणार नाहीत."

सीताबर्डीवरच्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं, की घरचा ठोकळा चालणार नाही. स्पर्धा भरवणारे भैयाजी खेळण्यांचे दुकानदार होते. त्यांनी सगळ्यांसाठी नवेकोरे ठोकळे आणले होते. शालिकरामनं एक हातात घेऊन फिरवला. त्यालाही जोर लावावा लागला.

"भैयाजी, मी वीजकेंद्रात फिटर हाय. हिचा तेवढा थोडा फिरवून मोकळा करून देऊ का?"

"बॉयलर समजून राहिले का? सगळ्याईले सारखाच माल. तुम्ही खाली बसा."

शालिकराम तिसऱ्या रांगेत बसला.

शिटी वाजली. प्रेमिलानं ठोकळा एकदा चहूबाजूंनी पाहिला. काय करायचं ते तिला कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. पण पहिल्याच फेऱ्याला ठोकळा अडला. तिनं तळव्यांनी दाबला. मग टेबलावर टेकवून कोपरानं रेटला. शेजारी चंद्रभान नावाचा कॉलेजातला पोरगा होता. त्यानं ठोकळा खाली ठेवला आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं ठेवला. तिसऱ्यानं ठेवला.

भैयाजी चांगले होते. म्हणाले, "घाई नाही बाई, घंटा होईपर्यंत वेळ हाय."

हळूहळू दोन थर लागले. मग तिसराही लागत आला. आता वरचा थर एकदाच फिरवायचा राहिला होता. तिनं दोनदा जोर लावला. बोटं घसरली.

"भैयाजी," ती म्हणाली, "आमच्या यांनी फिरवला तर चालन का? कोणीकडे फिरवायचा ते मीच सांगतो."

शालिकराम त्याआधीच खुर्चीतून उठला होता.

"स्पर्धा तुमची हाय का त्याईची?" भैयाजी म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. "बसा गा, बसा."

तो बसला. आपल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मांडीवर ठेवले, मग मांडीखाली दाबून धरले. प्रेमिला त्याच्याकडे बघत नव्हती. ती ठोकळ्याकडे बघत होती आणि ओठातल्या ओठात तोच एक फेरा सांगत होती.

घंटा झाली. तिनं ठोकळा खाली ठेवला.

सगळे चंद्रभानभोवती जमले. भैयाजी टेबलावरचे ठोकळे गोळा करत आले. प्रेमिलाचा उचलला, बोलता बोलता वरचा थर एका बोटानं कट्कन फिरवला आणि जुळलेला ठोकळा खोक्यात टाकला.