बोट काढा

मी टपाल तोलायचा काटा आहे. कुणी विचारलं म्हणून बोलतोय असं नाही. माझ्या ताटलीच्या कडेला मक्याचा एक दाणा अडकून बसलाय, आणि तो तिथं कसा आला हे नीट सांगू शकणारा मीच आहे, म्हणून आपला बोलतो.

वर वाटोळी ताटली, खाली लोखंडी बैठक, मधे काचेआड तबकडी आणि तिच्यावर एक बारीक काळी सुई, एवढा माझा संसार. पाव किलोच्या वर मला झेपत नाही आणि त्याची मला लाजही नाही. पोती तोलणारे माझे थोरले भाऊ आहेत, त्यांच्यावर माशी बसली काय नि उडाली काय, सारखंच. मला मात्र पाकिटावर जास्तीचं एक तिकीट चिकटवलेलं कळतं. ज्या कारागिरानं माझी स्प्रिंग बसवली, त्यानं ताटलीवर हळूच फुंकर मारली होती. सुई हलली. त्यानं मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. तेव्हापासून मी खोटं बोललेलो नाही.

माझी सगळी उमेदीची वर्षं टपाल कचेरीच्या एका खिडकीत गेली. खिडकीमागचे कारकून तरुण होते तेव्हा मी नवा होतो, आणि त्यांच्या कानावरचे केस पांढरे झाले तेव्हा माझा रंग उडाला होता. माणसं मला रांगेतून दिसायची. पत्र टाकताना पाकिटाला ओठ लावणारी, तोलायला देऊन पुन्हा मागून घेणारी, आणि पार्सलाचा कोपरा खालून हळूच उचलून धरणारी. ही शेवटची जात फार. चेहरा साधुसंताचा आणि बोट पार्सलाखाली. कारकून वर न बघताच म्हणायचे, "बोट काढा." आवाज चढवायचे नाहीत. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की गावात त्यांना बोटकाढे काका असंच नाव पडलं.

काकांचा आणखी एक नेम होता. पार्सलात काय आहे, हे ते कधी विचारायचे नाहीत. म्हणायचे, "आपलं काम बाहेरून. घेतलं त्या वजनात पोचलं पाहिजे, बस." हा नेम चांगलाच होता. पुढं त्यानंच घात केला, पण ते पुढं.

मग आकडे उजळणारे काटे आले. मला कपाटात ठेवलं. काका निवृत्त झाले त्या दिवशी सोबत्यांनी मला पुसून, चकचकीत करून त्यांच्या हातात दिलं. काकांचे डोळे भरून आले. काकू म्हणाल्या, "आणा, किल्ल्या ठेवायला बरा आहे." झालं. बरीच वर्षं माझ्या ताटलीवर किल्ल्या, केसांचे आकडे आणि काकूंचा तुटका चष्मा. सुई सदा वाकलेली. तोलणाऱ्याला सतत ओझं आणि विचारणारा कुणी नाही, यासारखं दुसरं रिकामपण नाही.

एका सकाळी त्यांची लेक आली. हातात पिंजरा, पिंजऱ्यात भुसा आणि भुशात मूठभर, तपकिरी, गोलमटोल जीव. उंदरासारखा, पण शेपटीच्या जागी नुसता ठिपका आणि गाल असे की दोन्हीकडं पिशव्या शिवल्यासारखे. हॅमस्टर म्हणतात. लेकीला काही महिने परगावी नोकरीवर जायचं होतं आणि तिथल्या खोलीत जनावर चालत नव्हतं.

"बाबा, मी परत येईन तेव्हा मला हा असाच हवा," ती म्हणाली.

"असाच म्हणजे किती वजनाचा?"

"आता तुम्ही त्याला तोलणार की काय?"

काकांनी माझ्यावरच्या किल्ल्या उचलल्या, खालचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली आणि त्या जिवाला ताटलीवर ठेवलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर काहीतरी ऊबदार बसलं होतं. सुई थांबली तिथं काकांनी काचेवर पेन्सिलीनं खूण केली. "घेतलं," ते म्हणाले. त्याचं मूळचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला पुडक्या म्हणायला सुरुवात केली.

पुडक्या दिवसभर झोपायचा आणि दिवेलागणीला उठायचा. उठला की काका त्याला माझ्यापाशी आणत. पण तो ताटलीवर टिकेना, लगेच खाली उतरू बघे. तेव्हा काकांनी युक्ती काढली. ताटलीवर मक्याचे दाणे टाकायचे. पुडक्या एकेक दाणा उचलून गालात भरायचा, गाल फुगून कानापर्यंत जायचे, ताटली स्वच्छ व्हायची आणि मग तो तृप्त बसून राहायचा. "पुडकं बांधून झालं," काका म्हणायचे, वाकून सुई बघायचे. सुई खुणेच्या जरा पुढंच. काका खूश.

तुम्हाला कळलं असेल. काकांना नाही कळलं. आयुष्यभर बांधलेलं पुडकं बाहेरून तोललं, आत काय आहे हे विचारायची सवयच नव्हती.

हळूहळू सुई मागं येत खुणेवर स्थिरावली आणि तिथंच राहिली. खुणेवर म्हणजे ठीक, असं काका समजले. पण मला फरक कळत होता. आधी तो चढला की चारही पाय एका दमात पडायचे. आता मागचे पाय उशिरा यायचे. दाणे मात्र आधीपेक्षा जास्त भरायचा आणि भरलेले सगळे काढायचा नाही; पिंजऱ्यातली खाण्याची वाटीही रोज रिकामी व्हायची.

काकूंना बोटांनी कळलं. पिंजरा साफ करताना त्यांनी त्याला हातात घेतलं आणि थबकल्या.

"अहो, याच्या पाठीचा कणा हाताला लागतोय."

"काटा बघ. खुणेवर आहे."

"काट्याला डोळे आहेत का?"

"आणि तुझ्या बोटांना आकडे आहेत का?"

"माझ्या बोटांनी तुमची लेक वाढवलीय. हा वाळतोय."

"वाटी रोज रिकामी होते. सुई खुणेवर येते. वाळेल कसा?"

मी काय करणार? मी सांगत होतो ते खरंच होतं. ताटलीवर तेवढंच वजन होतं. त्यातलं पुडक्याचं किती आणि मक्याचं किती, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. "खातो ना, बाबा?" काका म्हणायचे, "वाटी पुसून ठेवतो. वजनात आहे अगदी." स्वयंपाकघरात काकू ताट जरा जोरातच आपटायच्या.

मग एके दिवशी दिवे लागले तरी पुडक्या बाहेर आला नाही. काकूंनी पिंजऱ्यात हात घातला. तो कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, अंगावरचे केस विस्कटलेले, हनुवटी ओली. काकूंनी त्याला जुन्या शालीत गुंडाळलं.

"उद्या सकाळी बघू या का?" काका म्हणाले.

"मी चप्पल घातलीय," काकू म्हणाल्या.

काकांनी मला पिशवीत घातलं. काकूंनी बघितलं. "हा कशाला?"

"डॉक्टरांना दाखवायला नको? वजन बरोबर आहे म्हणून."

प्राण्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच गेलो. फरशी ओली, औषधाचा वास, बाकड्याखाली एक भलंमोठं कुत्रं मान खाली घालून बसलेलं. डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, हात शांत. काका बसायच्या आधीच बोलायला लागले. "वाटी रोज रिकामी होते. वजन हललेलं नाही. हा बघा काटा, टपालातला आहे, फसवत नाही."

"नसेलच फसवत," बाई म्हणाल्या. त्यांनी पुडक्याचं पोट चाचपलं, शेपटीखाली बघितलं. "गाठ नाही. जुलाबही दिसत नाहीत." मग गालाला हात लावला. "हे काय भरलंय?" मागून पुढं अलगद बोट फिरवत त्यांनी एक गाल रिकामा केला, मग दुसरा. टेबलावर मक्याचे दाणे पडत गेले. काही कोरडे, काही ओलसर, चिकट, आंबलेले. केवढे दाणे ते. एवढ्याशा डोक्यात कुठं मावले होते कोण जाणे.

बाईंनी ते सगळे गोळा करून माझ्या ताटलीवर ठेवले. सुई चांगलीच सरकली. "हे मक्याचं," त्या म्हणाल्या. दाणे काढून पुडक्याला ठेवलं. "आणि हे याचं."

सुई निघाली आणि खुणेच्या खूप अलीकडं थांबली. काकांनी ताटली बोटानं हलवून पाहिली. सुई हलली आणि पुन्हा तिथंच आली. काका खुर्चीवर बसले.

"पण वाटी…" ते म्हणाले.

"वाटी रिकामी होते म्हणजे पोट भरतं असं नाही. ही जात साठवते. घरी जाऊन भुसा उचलून बघा, कोपऱ्यात कोठार सापडेल." बाईंनी पुडक्याचं तोंड उघडलं. "हे बघा. खालचा एक दात मोडलाय. पिंजऱ्याची तार चावतो का?"

"चावतो," काकू म्हणाल्या.

"यांचे दात वाढतच असतात, एकमेकांवर घासून झिजतात. खालचा मोडला म्हणून वरचा घासायला काही उरलं नाही. तो वाढून आत वळलाय, टाळूला टोचतोय. भूक आहे, पण चावता येत नाही. म्हणून मिळेल ते गालात भरतो आणि बसतो."

काकांनी नकळत आपल्या कवळीला जीभ लावली. "नेलकटरनं कापता येईल का घरी?"

"मुळीच नको. दात उभा चिरतो. त्याला वेगळं हत्यार लागतं." त्यांनी दिवा ओढला, एक बारीक हत्यार घेतलं. काम झटकन झालं. पुडक्यानं जीभ बाहेर काढून आत घेतली, जणू तोंडात जागा झालीय ती मोजत होता.

"वाचेल ना?" काकूंनी विचारलं.

"आणखी आठवडा काढला असता तर सांगता आलं नसतं. एवढ्याशा जिवाकडं अंगावर शिल्लक नसते. आता मऊ भिजवलेलं खाणं, थोडं थोडं, पुष्कळ वेळा. ऊब ठेवा. आणि रोज तोला, एकाच वेळेला, खायला द्यायच्या आधी. गाल रिकामे असताना. घसरला तर थांबू नका, घेऊन या. दात पुन्हा वाढेल, दर काही आठवड्यांनी यावं लागेल."

घराच्या दारात काकू एवढंच म्हणाल्या, "काट्याला बोल लावू नका. बिचारा विचारलं तेवढंच सांगतो." त्या घरात माझी बाजू घेणारं ते पहिलं वाक्य.

भुसा उचलला तर खाली खरंच कोठार होतं. रोजच्या रिकाम्या वाटीतलं सगळं तिथं, न कुरतडलेलं.

त्या संध्याकाळी फोन वाजला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "अगं, तो वजनात नाही. मी त्याला मक्यासकट तोलत होतो." पलीकडून, "जिवंत आहे ना, बाबा?" "आहे. चमच्यावरचं चाटतोय." "मग रोज तोला. आणि मला खरं सांगा."

पुढचे दिवस माझे कसोटीचे. काकांनी ताटलीवर एक छोटी वाटी ठेवली, स्क्रू फिरवून तिचं वजन शून्यात बुडवलं आणि उठल्या उठल्या, तोंडात काही जायच्या आधी, पुडक्याला वाटीत बसवू लागले. आधी सुई आणखी मागं गेली. काकांचं जेवण गेलं. मग ती एका जागी चिकटली. मग एक दिवस केसभर पुढं आली आणि काकूंनी काकांच्या ताटात जास्तीचा भात वाढला. भिजवलेलं खाणं भरवता भरवता काकांच्या सदऱ्यावर कायमचे डाग पडले. दवाखान्याची फेरी पुन्हा झाली, दात पुन्हा कापला गेला. त्या कुत्र्याची मालकीण आता काकांना ओळखून हसायची.

आणि लेक परतायचा दिवस आला. ती दारात चपला काढतेय तोवर काका पुडक्याला घेऊन माझ्यापाशी. पुडक्या आता चारही पाय एका दमात टाकत होता. वाटीत बसला. सुई चढत चढत गेली, थेट पेन्सिलीच्या खुणेवर टेकली. काकांनी श्वास सोडला.

"बघ," ते लेकीला म्हणाले. "घेतला तसा."

काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं, सुईकडं नाही, ताटलीकडं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बोट काढा."

काकांनी खाली बघितलं. त्यांचं स्वतःचं बोट ताटलीच्या कडेवर टेकलेलं होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. जन्मभर परक्या बोटांवर डोळा ठेवला, आपल्या बोटाकडं बघायची वेळ आलीच नव्हती. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी बोट काढलं. सुई खुणेच्या अलीकडं आली, थोडीशीच, आणि तिथं ठाम राहिली.

"थोडा कमी भरतोय," काका म्हणाले.

लेक हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "कमी नाही, बाबा. हा खरा आहे. इथं खूण करा."

काकांनी पेन्सिल घेतली आणि जुन्या खुणेशेजारी नवी केली.

आता पुडक्या लेकीकडं असतो. दात कापायला दर काही आठवड्यांनी इकडच्याच डॉक्टरीणबाईंकडं येतो आणि जाताना आधी माझ्यावर बसतो. मधल्या दिवसांत मी मेजावर रिकामा, सुई शून्यावर. किल्ल्यांसाठी काकूंनी भिंतीला खिळा ठोकून घेतलाय. त्या दाण्यांतला एक ताटलीच्या कडेत अडकून माझ्याबरोबर घरी आला तो आलाच. काकांनी तो पुष्कळदा पाहिलाय. काढत नाहीत. स्क्रू फिरवून त्याचं वजन शून्यात बुडवतात आणि मग तोलतात.

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात एखादा छोटा जीव असेल तर वाटीकडं बघून निर्धास्त होऊ नका. त्याला रिकाम्या गालांनी तोला, पाठीवरून हातही फिरवा. आणि ज्याच्यात जीव अडकलाय त्याला तोलताना आधी आपलं बोट कुठं आहे ते बघा. बाकीचं माझ्यावर सोडा. मी सांगेन ते खरं असेल.