साक्षगंधाची अंगठी

पुंडलिकरावांनी लेकीसाठी, रुखमासाठी शहापूरचं स्थळ पक्कं केलं तेव्हा तिचा धाकटा भाऊ इश्वर पलटणीत होता. मुलगा म्हणजे ताराचंद, इश्वरच्याच तुकडीतला शिपाई, त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. बांगलादेशची लढाई जिंकून आलेला. त्यांच्या सिहोरा गावात असा जावई कोणाला मिळाला होता?

इश्वर सोळाव्या वर्षीच, वय वाढवून सांगून भरती झाला होता. लढाईतच त्याला सतरावं लागलं. बहात्तरच्या मार्चमध्ये तो सुटीवर आला तो सोयरीक पक्की करणाऱ्या साक्षगंधाच्या आदल्या दिवशी. ताराचंदचं नाव ऐकून त्यानं वडिलांना हे स्थळ नको म्हटलं. का, ते मात्र त्याला सांगवेना. आई समोर भात वाढत होती.

तो भातही त्याला खाववला नाही. बांगलादेशातली शेतं अगदी इथल्यासारखीच होती. कापणीला आलेल्या धानाच्या बांध्यांत प्रेतं फुगून पडली होती आणि ती ओढून खड्ड्यात टाकायचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं. मनगटाला धरून ओढलं की कातडी हातात येई. चिखलानं हात घासून त्याच हातांनी पुऱ्या खायच्या. गावात भेटेल तो विचारी, किती मारले? वासाचं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात ताराचंदनं खिशातून हिरव्या खड्याची अंगठी काढून रुखमाच्या बोटात घातली. दुश्मनाच्या अफसराची आहे, असं त्यानं सांगितलं. बाया पुढे वाकून खडा पाहू लागल्या. ती कोणाच्या बोटातून निघाली ते इश्वरनं पाहिलं होतं. तो अफसर नव्हता. इश्वरच्याच वयाचा पोरगा होता, पोटात गोळी लागून धानाच्या बांधीत पडलेला.

इश्वर उठून उभा राहिला.

"रुखमाबाई, काढ ते. यानं बोट कापून काढली आहे."

पुंडलिकरावांनी त्याला खाली बसायला सांगितलं. ताराचंद शांतच होता.

"लढाईत असं होतेच. मेलेल्या मानसाले आंगठी कायले पाहिजे?"

"तो मेला नव्हता," इश्वर म्हणाला. "पानी मागून राहिला होता."

मग ताराचंदचे मामा म्हणाले की शेवटी तो दुश्मनच होता. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना पाहून इश्वरला शिसारी आली. हे आपलेच लोक होते.

रुखमा अंगठी ओढू लागली. निघेना. बोट लाल झालं तरी ती ओढत राहिली. शेवटी आईनं तेल आणलं. सुटलेली अंगठी पाटावर टाकून रुखमा मागच्या दारी गेली आणि राखेनं हात घासत बसली.

लग्न मोडलं. पोराचं डोकं फिरलं, असं पुंडलिकराव लोकांना सांगत राहिले. सुटी संपेपर्यंत ते इश्वरशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी रुखमा आंबागडच्या एका शेतकऱ्याच्या घरी नांदायला गेली.

इश्वर पलटणीत परतला तेव्हा ताराचंद शेजारच्याच खाटेवर होता. त्यानं नेहमीसारखी बिडी पुढे केली. त्या बोटांकडे इश्वरला पाहवेना. त्यानं आपली वळकटी उचलली आणि बराकीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली.