माझाच आवाज, माझ्याशिवाय

मी एक बेस गिटार बोलतेय, आणि आधीच सांगते, मी संतापलेली आहे. गोड आठवणी ऐकायच्या असतील तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

माझा जन्म कॅनडातल्या थंडर बे या बंदरगावातला. डोरिसच्या सुतार वडिलांनी मला घडवलं आणि तिच्या खांद्याला अडकवलं. पुढे गाणारा ग्रँट, ड्रमवाला लायनेल आणि डोरिस यांनी ‘टिन हार्बर’ नावाचा ब्लूज बँड काढला. अकरा वर्षं बर्फात रुतलेली व्हॅन ढकलत आम्ही गावोगावी वाजवलं. दोन अल्बम काढले. त्यातला एक बरा होता.

२००६ साली दुबईच्या एका हॉटेलने आम्हाला बोलावलं. आठवड्यातले सहा दिवस कार्यक्रम. समोरचे लोक नव्या टॉवरच्या आणि फ्लॅटच्या गप्पा मारत जेवायचे. मला ऐकायचा तो फक्त शैलेंद्र. हा पुण्याचा, हॉटेलचा साउंड इंजिनियर. दुबईतल्याच घरी फोन करून बायकोला सांगायचा, “सुचित्रा, आज डोरिसने काय वाजवलंय म्हणून सांगू!” माझ्या तारा तो स्वतःच्या रुमालाने पुसायचा. म्हणूनच त्याच्यावरचा राग जास्त आहे.

२००८ संपता संपता शहरातल्या क्रेन थांबल्या, टेबलं रिकामी पडू लागली. जानेवारीत ग्रँट म्हणाला, “नवा अल्बम करूया.” अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका वेअरहाऊसमध्ये दोन दिवस रेकॉर्डिंग झालं. बावीस गाणी. डोरिसने बोटं सोलून निघेपर्यंत वाजवलं.

दुसऱ्या दिवशी डोरिस आणि लायनेल जेवायला बाहेर गेले. मी भिंतीला टेकून होते. ग्रँट शैलेंद्रला म्हणाला, “अल्बम वगैरे काही नाही. हॉटेल एकालाच ठेवणार आहे. मी गाईन, बाकीचं तुझा लॅपटॉप वाजवेल.”

“डोरिसला सांगायला नको?”

“सांगितलं तर ती वाजवेल का? आणि तुमच्या साउंडमधले किती जण राहणार आहेत, ते तुला ठाऊक आहे.”

शैलेंद्रने हेडफोन चढवले आणि मान खाली घातली. मी ओरडले असते हो! पण कुणी छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

महिन्याभरात डोरिस आणि लायनेलला परतीची तिकिटं मिळाली. “मंदी संपली की बोलावतो,” ग्रँट म्हणाला. डोरिसने विश्वास ठेवला. मला हॉटेलच्या स्टोअररूममध्ये शैलेंद्रच्या ताब्यात देत ती म्हणाली, “पुन्हा यायचंच आहे, हिला कशाला हलवू?”

मग रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मला माझाच आवाज ऐकू यायचा. ती डोरिसची बोटं, ती माझी तार. आणि मी इकडे फाटक्या गाद्यांच्या मागे. पोस्टरवर मात्र तिघांचे चेहरे तसेच. दोन वर्षं हे चाललं!

२०११ साली शैलेंद्र वायर शोधायला स्टोअररूममध्ये आला, तेव्हा त्याचा फोन वाजला. डोरिस होती. एवढ्या शांततेत तिचा शब्द न् शब्द कळत होता.

“शैलेंद्र, कुणीतरी शोचा व्हिडिओ पाठवलाय. त्यात माझा बेस वाजतोय. मी तर इथे शाळेची बस चालवते. तुला माहीत होतं?”

शैलेंद्र एका फाटक्या गादीवर बसला. “हो. रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हापासून.”

ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, “माझी गिटार कुठे आहे?”

शैलेंद्र तडक मला उचलून ग्रँटसमोर गेला. “डोरिस आणि लायनेलचा आवाज आजपासून इथे वाजणार नाही.”

“हबीबी, ते प्रकरण केव्हाच खलास झालंय,” ग्रँट हसला.

शैलेंद्रने त्याच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि बावीसच्या बावीस गाणी पुसून टाकली. दुसरी प्रत त्याने कधी ठेवलीच नव्हती. त्या संध्याकाळी ग्रँट एकटाच गायला. दोन वर्षांत पहिल्यांदा लोकांनी विचारलं, “बँड कुठे आहे?”

आठवड्यात शैलेंद्रची नोकरी गेली. व्हिसा रद्द, महिन्यात देश सोडायचा. मला त्याने घरी नेलं होतं. तिथे बॅगा भरताना त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने, ईशानीने विचारलं, “बाबा, व्हाय डिड यू वेट टू इयर्स?”

तो सुचित्राकडे बघत राहिला. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघतोस? बरोबर विचारतेय ती.”

आता मी दुबईतल्याच देरा भागातल्या एका कार्गो ऑफिसमध्ये आहे, फोममध्ये गुंडाळलेली. खोक्यावर थंडर बेचा पत्ता आहे, आत शैलेंद्रची चार पानी चिठ्ठी. लिहिताना तो रडला. रडू दे. ग्रँटला कान नव्हतेच. याला होते, तरी हा गप्प बसला.

डोरिस, खोका उघडलास की चिठ्ठी आधी वाचू नकोस. आधी माझ्या गंजलेल्या तारा काढून फेक, नव्या चढव. मला अ‍ॅम्पला जोड आणि आवाज पूर्ण वर कर. शेजारी तक्रार करायला आले, तर दार उघडं ठेव आणि वाजवत राहा.